आधीच धुतलेले पाय

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये पाय धुवायचे असले, की आयर्न पॉइंटच्या बेथनी ल्यूथरन चर्चची मंडळी आधी घरी पाय धुऊन मग चर्चला येत. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून त्या संध्याकाळच्या उपासनेत वेदीपुढे एक खुर्ची, एक घंगाळं आणि पांढरा टॉवेल मांडतात. ज्याला वाटेल त्याने पुढे येऊन बसायचं आणि दुसऱ्याने गुडघे टेकून त्याचे पाय धुवायचे. पण चारचौघांत मोजे काढणं म्हणजे आमच्या ल्यूथरन माणसाला जवळजवळ कपडे काढण्यासारखंच. त्यामुळे जे काही धीट लोक पुढे येत, ते दुपारभर साबण, ब्रश आणि वज्री घेऊन न्हाणीघरात बसलेले असत. मार्लिस ऑस्टरबी तर आदल्या दिवशी नखं रंगवून घ्यायची. घंगाळ्यात पाणी जसं ओतलं तसंच स्वच्छ राही, आणि उपासनेनंतर आर्डिस टॉलेफसन ते चर्चमधल्या कुंड्यांना घाली.

मार्लिसचा नवरा वर्लिन, विमा कंपनीत लोकांचे नुकसानीचे दावे खोटे ठरवून निवृत्त झालेला, दरवर्षी धुणाऱ्यांत असे. धुऊन घेणाऱ्यांत कधीच नसे. "मला सेवा करायला आवडतं, करून घ्यायला नाही," असं तो सांगायचा आणि हे ऐकून म्हाताऱ्या बायका माना डोलवायच्या. खरं कारण त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर होतं. गोठलेल्या तळ्यावर मासे धरताना एकदा बर्फ पोखरायचा गिरमिट त्या अंगठ्यावर पडला, आणि तेव्हापासून तिथलं नख पिवळं, जाड आणि वाकडं वाढायला लागलं. ते मार्लिसला ठाऊक होतं आणि डॉक्टरला ठाऊक होतं. डॉक्टरसुद्धा ते बघून "अरे देवा" म्हणाले होते, आणि डॉक्टरांनी असं म्हणावं हे वर्लिनला फार लागलं होतं.

तर त्या वर्षी उपवासकाळाच्या सुरुवातीला पाळकबाई रेनाटा होल्म कॉफी पिता पिता सहज बोलून गेल्या. बाई नव्या, वयाने लहान, तोंडाने मोकळ्या. म्हणाल्या, "आपण धुतलेलेच पाय पुन्हा धुतो, नाही? येशूला बघून हसू येत असेल." सगळे हसले. वर्लिन हसला नाही. इतकी वर्षं पाय धुतले ते कोणी? आपणच. म्हणजे हा टोमणा आपल्यालाच. त्याने तो मनाला लावून घेतला, रात्रभर कूस बदलली आणि सकाळी नाश्त्याला बसल्या बसल्या जाहीर केलं, "यंदा खरे पाय धुवायचे."

"खरे म्हणजे?" मार्लिसने विचारलं.

"रस्त्यावरच्या लोकांचे. ज्यांना घरदार नाही त्यांचे. ज्यांना गरज आहे त्यांचे."

"पाय धुवायची गरज आहे असं त्यांनी तुला सांगितलं?"

वर्लिनने दूध मागितलं.

समितीची बैठक झाली. आमच्याकडे समितीशिवाय दिवा बदलत नाहीत. कल्पना सगळ्यांना आवडली, म्हणजे कुणी नाही म्हणालं नाही. आर्डिस टॉलेफसन, जिच्या हातात तळघरातलं स्वयंपाकघर आहे आणि जिच्यापुढे पाळकसुद्धा दबकून असतात, ती म्हणाली, "सूप मी करते. पण माझ्या टर्की भाजायच्या भांड्यात कुणी पाय घालणार असेल तर आत्ताच सांगा, मी आत्ताच राजीनामा देते." कुणाच्याही मनात तसं नव्हतं, असं सगळ्यांनी तिला शपथेवर सांगितलं.

वर्लिनचा शेजारी ड्वेन क्विस्टाड चर्चचा बॉयलर सांभाळतो आणि जगातल्या उरलेल्या गोष्टींवर सल्ला देतो. तो म्हणाला, "आत तळघरात कोण बघतंय? बाहेर फुटपाथवर धुवा. लोकांना दिसलं पाहिजे. माझी पुतणी पेपरात फोटो काढते, तिला बोलावतो."

"दाखवायला नाही करत आपण," वर्लिन म्हणाला.

"नाहीच. पण दिसलं तर बिघडलं कुठे?"

वर्लिनला हे पटायला वेळ लागला नाही.

फुटपाथसाठी परवानगी हवी म्हणून तो पालिकेत गेला. खिडकीमागची मुलगी फार प्रेमळ होती. तिने विचारलं, अन्न विकणार का? नाही. गाड्या धुणार का? नाही. मिरवणूक आहे का? नाही, पाय धुवायचे आहेत.

"किती पाय?"

वर्लिनने कपाळाला आठ्या घातल्या. "येतील तेवढे."

"साबणाचं पाणी रस्त्यावर सोडायचं तर गाड्या धुण्याचा परवाना लागतो," ती म्हणाली, "पण तो गाड्यांनाच मिळतो." मग तिने आत जाऊन कुणाला तरी विचारलं. बाहेर येऊन सांगितलं, की जखमांना हात लावणार असाल तर तो दवाखाना होतो, नखं कापणार असाल तर ब्यूटी पार्लर होतं, आणि नुसतं पाणी ओतणार असाल तर ते काय होतं हे साहेब सुट्टीवरून आल्यावर कळेल. साहेब ईस्टरनंतर येणार होते. शेवटी गुरुवारी दुपारी, उपासनेच्या आधी, पाय तळघरातच धुवायचे ठरलं. ड्वेन म्हणाला, मी आधीपासून हेच म्हणत होतो.

मार्लिसच्या आग्रहाखातर वर्लिनने बेघरांच्या निवाऱ्यात काम करणाऱ्या एका बाईलाही फोन केला. ती घाईत होती पण नीट बोलली. म्हणाली, मोजे द्या, लोकरीचे, सुती नको, सुती ओले झाले की पाय सडतात. खायला मऊ द्या. नाव विचारा. आणि सामान ठेवायला बंद खोली द्या. पुष्कळ लोक कुठे जात नाहीत ते सामान सोडवत नाही म्हणून. मुख्य म्हणजे काही करायच्या आधी त्यांना विचारा. वर्लिनने "हो, हो, अगदी बरोबर" म्हणून फोन ठेवला आणि दुकानात जाऊन सुती मोजे आणले, कारण ते पांढरेशुभ्र होते आणि फोटोत उठून दिसले असते.

फोटोचं नाव निघालं आणि वर्लिनच्या डोळ्यांना चर्चचा परिसर वेगळा दिसायला लागला. जिना नीट होता, पाटी नुकती रंगवली होती. पण समोर, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानाच्या छपराखाली, बाजाराची एक ढकलगाडी उभी असायची, निळ्या ताडपत्रीने झाकलेली. वर्लिनला ती डोळ्यात सलायला लागली. त्याने पालिकेच्या तक्रारीच्या नंबरवर फोन लावला आणि विमा कंपनीतला आवाज काढून सांगितलं, "बेवारस गाडी पडलेली आहे. उचलून न्या." पलीकडचा माणूस, किर्बी त्याचं नाव, अदबीने हो म्हणाला. कुणी आलं नाही. वर्लिनने पुन्हा फोन केला. पुन्हा कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा केला तेव्हा नंबर त्याला पाठ झाला होता. मी कर भरतो, असंही त्याने या वेळी सुनावलं. गाडी कुणाची हे त्याने कुणालाच विचारलं नाही. गाडीवाल्यालाही नाही.

मग आमंत्रणं द्यायचा दिवस आला. वर्लिन आणि मार्लिस पिशव्या घेऊन निघाले. प्रत्येक पिशवीत टूथपेस्ट, मोजे, ग्रॅनोला बार नावाची ओटची कडक वडी आणि उपासनेच्या वेळांचं पत्रक. बर्फ वितळून रस्त्यावर चिखलाचा राडा झाला होता. समोरच्या छपराखाली, त्याच निळ्या ताडपत्रीशेजारी, एक म्हातारी बाई उलट्या बादलीवर बसली होती. अंगावर पुरुषी कोट, डोक्याला विणलेली टोपी. डोरिन पेटिट तिचं नाव. नाव मार्लिसने विचारलं.

डोरिनने पिशवीत हात घातला. "हे काय?"

"ग्रॅनोला बार," वर्लिन म्हणाला. "फार पौष्टिक असतो."

डोरिनने आ करून दाखवला. वर दोन दात होते, खाली एक, आणि ते एकमेकांसमोर नव्हते. "यातल्या कुठल्या दातानं खाऊ ते तूच सांग बाबा."

मार्लिसने तिथल्या तिथे हातमोज्यात तोंड लपवून हसून घेतलं. वर्लिनने घसा खाकरून आमंत्रणाचं भाषण सुरू केलं. डोरिनने ते शांतपणे ऐकलं.

"म्हणजे माझे पाय तू धुणार? कशापायी?"

"ख्रिस्ताने शिष्यांचे..."

"ख्रिस्ताचं मला ठाऊक आहे. मी तुझं विचारते आहे."

वर्लिनने पिशवीतलं पत्रक पुढे केलं. मार्लिसने मध्ये पडून सांगितलं, की आर्डिसचं बटाट्याचं सूप असेल, गरम, आणि त्याला दात लागत नाहीत.

"मग येते," डोरिन म्हणाली. आणि तिने ताडपत्रीवर हात ठेवला. "पण माझ्या गाडीचं काय?"

वर्लिन ताडपत्रीपासून एक पाऊल मागे सरला. "ही गाडी तुमची?"

"मग काय तुझी?" तिने ताडपत्रीचं टोक उचललं. आत तंबू होता, झोपायची जाड पिशवी होती आणि कोटात गुंडाळलेलं एक जुनं अॅकॉर्डियन होतं. "हे माझ्या बापाचं. उन्हाळ्यात बंदरावर वाजवते, लोक थांबतात. हे घर आहे माझं. घर उघडं टाकून मी कुठे जात नाही."

"मी बघेन," वर्लिन म्हणाला. "गाडीच्या केसालाही धक्का लागणार नाही. माझा शब्द."

गाडीला केस नसतात हे डोरिनने त्याच्या लक्षात आणून दिलं, पण शब्द घेतला.

आता खरं तर वर्लिनने घरी जाऊन पहिला फोन किर्बीला करायचा. त्याने तीनदा फोन हातात घेतला. पण किर्बीला सांगणार काय? की ती गाडी बेवारस नाही? म्हणजे आपण न विचारताच बोललो, हे आपल्याच तोंडाने कबूल करायचं? उभ्या नोकरीत वर्लिनने अशी चूक दुसऱ्यांची शेकड्याने पकडली होती, स्वतःची एकदाही कबूल केली नव्हती. शिवाय तीन फोन करून जी पालिका हलली नाही ती आता काय हलते? त्याने फोन जागेवर ठेवला आणि मार्लिसला विचारलं, जेवायला काय आहे. लाज वाटली, नाही असं नाही. पण ती जेवणानंतर थोडी कमी झाली.

गुरुवार उजाडला तो विघ्नं घेऊनच. पितळी घंगाळं कुणी तरी घासून लखलखीत करायला घेतलं आणि त्याच्या तळाला भोक पडलं. ड्वेनचा बॉयलर दुपारी बंद पडला. ड्वेन म्हणाला, बॉयलर बंद नाही, विश्रांती घेतो आहे. पाणी शेगडीवर तापवावं लागलं, आणि पाय मावतील एवढं मोठं, कडीचं, स्वच्छ भांडं सगळ्या चर्चमध्ये एकच होतं. आर्डिसने टर्कीचं भांडं स्वतः आणून जमिनीवर ठेवलं, वर्लिनकडे एकदाच बघितलं आणि सूप ढवळायला निघून गेली. राजीनाम्याचं ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पाहुणे तिघं आले. दोन म्हातारे भाऊ थेट सुपाकडे गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. डोरिन दारात गाडी घेऊनच उभी होती. पण तळघराच्या उतरणीवर चिखल होता आणि आर्डिसने फरशी नुकती पुसली होती, म्हणून वर्लिन म्हणाला, "गाडी समोरच राहू द्या, छपराखाली. या खिडकीतून लख्ख दिसते. मी नजर ठेवतो." निवाऱ्यातल्या बाईने सांगितलेली बंद खोली त्याला त्या क्षणी आठवली. खोली होती, तिच्यात नाताळच्या देखाव्यातले मेंढपाळ ठेवलेले होते. मेंढपाळ हलवायला वेळ लागला असता आणि ड्वेनची पुतणी कॅमेरा घेऊन येऊन थांबली होती.

डोरिन खुर्चीवर बसली. बूट काढले, मोजे काढले, आणि वर्लिन बघतच राहिला. पाय स्वच्छ होते. टाचा भेगाळलेल्या, बोटं वाकलेली, पण धुतलेली, पुसलेली, नखंसुद्धा कापलेली.

"तुम्ही पाय धुऊन आलात?"

"सकाळीच. लायब्ररीच्या बाथरूममध्ये." डोरिनला त्याच्या प्रश्नाचं नवल वाटलं. "कुणाकडे पाहुणं जायचं तर घाणेरडे पाय घेऊन कसं जायचं? तुझी माणसं काय म्हणतील?"

बेथनी चर्चमधल्या कुणालाही ही बाई त्या क्षणी परकी वाटायला नको होती. पण वर्लिनच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? निराशा. खरे पाय म्हणून आणले आणि हेही धुतलेलेच निघाले. ड्वेनची पुतणी कॅमेऱ्यातून बघत म्हणाली, "थोडे मळकट असते तर फोटो बोलला असता." आणि मग, "काका, तुमचा चेहरा अंधारात येतोय. खिडकीकडे पाठ करा ना." वर्लिनरावांनी खिडकीकडे पाठ केली.

कोमट पाण्यात डोरिनचे पाय टेकले. वर्लिनने साबण लावला. मार्लिस टॉवेल धरून उभी होती. ती कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू गेलं, "लग्नाला छत्तीस वर्षं झाली. माझ्या पायाला कधी पाण्याचा थेंब लावला नाहीस."

सगळं तळघर हसलं. डोरिनही हसली, तिन्ही दात दाखवून. तिने पाण्यात बोटं हलवली आणि डोळे मिटून घेतले. "शेगडीवर आणखी गरम पाणी आहे का रे?" तिने हळूच विचारलं. खरोखर सुख वाटलेल्या माणसाचा तो आवाज होता. आपण चांगलं काम करतो आहोत असं त्याला आयुष्यात क्वचितच इतकं खात्रीने वाटलं होतं.

तेवढ्यात बाहेर मोठी गाडी मागे घेताना वाजते तसं पीप पीप वाजायला लागलं.

डोरिनने डोळे उघडले. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. ती उठली, टर्कीचं भांडं कलंडलं, आणि ती अनवाणीच जिना चढून धावली. वर्लिन मागोमाग. वर जाईपर्यंत पालिकेचा ट्रक कोपऱ्यावर वळला होता. छपराखाली उलटी बादली तेवढी राहिली होती. डोरिन रस्त्यात उभी होती, नुकत्याच धुतलेल्या पायांनी, घोट्यापर्यंत काळ्या बर्फाच्या राड्यात.

"तू बघतो म्हणालास," ती म्हणाली.

वर्लिन म्हणाला, "काही तरी चूक झाली असेल." हे बोलताना त्याची जीभ अडखळली नाही, याची त्याला नंतर फार दिवस लाज वाटत राहिली.

मार्लिसने स्वतःचे बूट काढून डोरिनच्या पायात घातले आणि वर्लिनला मोटारीकडे ढकललं. उचललेलं सामान जिथे नेतात ते पालिकेचं आवार बंद व्हायला थोडाच वेळ होता. मोटारीत डोरिनने मार्लिसच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. मग म्हणाली, "कुणी तरी फोन केला असणार. ती माणसं आपणहून येत नाहीत."

वर्लिन हीटरची बटणं फिरवायला लागला.

"तो भेटला ना मला, तर मी त्याला एकच विचारीन. बाबा, गाडीवर पांघरूण घातलेलं तुला दिसत नव्हतं का? बेवारस गाडीला पांघरूण कोण घालतं?"

"असतात लोक," वर्लिन कसंबसं म्हणाला.

आवाराच्या खिडकीत जो गुबगुबीत माणूस बसला होता तोच फोनही घ्यायचा. पालिकेत माणसं कमी. वर्लिनने अगदी हळू, आवाज बदलून सांगितलं, की एक ढकलगाडी चुकून आली आहे. पण आवाज काही बदलला नाही. त्या माणसाचा चेहरा उजळला.

"थांबा, थांबा! हा आवाज मी ओळखला! बेथनी चर्चचे ना तुम्ही? मी किर्बी! तीनदा फोन केलात ना त्या गाडीसाठी?" त्याने खिडकीतून हात बाहेर काढून वर्लिनचा हात हातात घेतला आणि हलवला. "उशीर झाला, माफ करा हं. ट्रक नादुरुस्त होता. पण आज म्हटलं पहिलं काम तुमचं. असे जागरूक लोक गावात हवेत. नाही तर आजकाल कोण लक्ष देतं, सांगा!"

वर्लिनचा हात किर्बीच्या हातात होता आणि सोडवता येत नव्हता. डोरिनने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर त्या घेऊन उभं तरी राहता आलं असतं. तिने नुसतं बघितलं आणि मग किर्बीला विचारलं, "माझं सामान कुठाय?"

किर्बीला हळूहळू सगळं कळलं आणि त्याचाही चेहरा पडला. ओलं कापड ठेवत नाहीत, ते थेट कचरा दाबायच्या यंत्रात जातं. तंबू गेला होता. झोपायची पिशवी गेली होती. बाकीचं मागच्या ढिगात असेल, म्हणाला, पण आज तिथे जायला माणूस नाही. वर्लिन गेला. ढीग खड्ड्यात होता आणि खड्ड्यात पोटऱ्यांपर्यंत वितळलेलं बर्फ, तेल आणि गावभरचं काय काय साठलं होतं. त्याचे चर्चचे बूट पहिल्याच पावलाला भरले. त्याने गाडी ओढून काढली आणि दोन फाटक्या गाद्यांच्या मधून कोटात गुंडाळलेलं अॅकॉर्डियन काढलं. डोरिनने ते उलगडून ताणलं. ते कण्हल्यासारखं वाजलं, पण वाजलं.

"बाई, मी..." वर्लिनने सुरुवात केली.

"गाडी चालव," डोरिन म्हणाली.

घरी मार्लिस वाट बघत होती. तिला काही सांगावं लागलं नाही, तिने वर्लिनच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. "वरची खोली रिकामी आहे," ती डोरिनला म्हणाली. "पाहिजे तितके दिवस राहा."

"तू चांगली आहेस," डोरिन म्हणाली. "पण आज मला तुमच्या घरी यायचं नाही."

वर्लिन गॅरेजमध्ये गेला. तिथे त्याचा बर्फावर मासे धरायचा तंबू होता, लाल, जाड, वाऱ्याला दाद न देणारा. त्याला तो ड्वेनलासुद्धा हात लावू देत नसे. त्याने तो काढला आणि सोबत स्वतःची झोपायची पिशवीही काढली. फर्निचरच्या दुकानाच्या छपराखाली दोघांनी मिळून तंबू उभा केला. म्हणजे डोरिनने केला. वर्लिन खुंट्या देत होता.

डोरिनने आत डोकं घातलं. "याला खाली तळ नाही."

"मासे धरायला असतो तो. खाली बर्फाला भोक पाडतात."

"बर्फ मिळवायला मला काही अडचण नाही," डोरिन म्हणाली. विनोद होता, पण हसायची परवानगी नव्हती.

तेवढ्यात चर्चची घंटा झाली. संध्याकाळची उपासना. वर्लिनला बूट बदलायलाही वेळ मिळाला नाही. तो तसाच आत गेला आणि मार्लिसशेजारी बसला. पुढच्या बाकावरची दोन माणसं हळूच आणखी पुढे सरकली. डोरिनही आत आली, मांडीवर अॅकॉर्डियन घेऊन सगळ्यात मागच्या बाकावर. आत गरम आहे म्हणून आले, असं तिने दारातल्या माणसाला सांगितलं.

शुभवर्तमान वाचून झालं. वेदीपुढे खुर्ची होती, टॉवेल होता, आणि टर्कीचं भांडं होतं. पाळकबाईंनी दोन्ही हात पसरून बोलावलं. नेहमीप्रमाणे कुणी उठेना. सगळे आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसले. आता नेहमीप्रमाणे वर्लिनने उठून टॉवेल कमरेला बांधायचा, म्हणजे धुणारा तयार आहे हे बघून एखादी मार्लिस पुढे येते. वर्लिन उठला. टॉवेलपर्यंत गेला. पण तो कमरेला बांधून पुन्हा कुणापुढे गुडघे टेकायचे, याची त्याला अशी लाज वाटली की त्याने टॉवेल तिथेच राहू दिला. समोर बसायला एकच जागा होती. वर्लिन खुर्चीवर बसला.

चर्चमध्ये कुजबुज झाली. पाळकबाई थांबल्या, मग त्यांनी पुढच्या बाकाकडे बघितलं. आर्डिसने ड्वेनच्या पाठीत कोपर मारलं. ड्वेन नाइलाजाने पुढे येऊन गुडघ्यांवर बसला.

वर्लिनने बूट काढले. पालिकेच्या खड्ड्याचा वास वेदीपर्यंत गेला. मोजे काढले. पाय काळे, सुरकुतलेले, आणि उजव्या अंगठ्यावर ते नख, सगळ्या मंडळीसमोर, दिव्यांच्या उजेडात. "अरे देवा," ड्वेन म्हणाला. मार्लिसने डोळे मिटून घेतले. पण वर्लिनला नखाचं काहीच वाटलं नाही. त्याहून मोठी लाज त्याच्याजवळ होती, तिच्यापुढे नख फारच लहान होतं.

ड्वेनने पाणी ओतलं. पाणी काळं झालं. बेथनी चर्चमध्ये इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाय चोळता चोळता ड्वेन मान खाली घालून कुजबुजला, कारण त्याला गप्प बसणं जमत नाही, "अरे, समोर कुणी तरी तंबू ठोकलाय. बघितलास? ईस्टरला पाहुणे येणार, काय दिसेल ते? नंबर काय रे तो पालिकेचा?"

नंबर वर्लिनला पाठ होता. आकडे जिभेवर आले होते.

"तंबू माझा आहे," तो हळू म्हणाला.

"तुझा? मग तिथे काय करतोय?"

"तिचा तंबू मी उचलायला लावला. फोन मीच केला होता. तीनदा. कुणाची गाडी, ते विचारलंसुद्धा नाही. आणि कळल्यावर थांबवलंही नाही."

ड्वेनचा हात पाण्यात तसाच राहिला. पुढच्या दोन बाकांना ऐकू गेलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं. पाळकबाईंनी पुढचं गीत सुरू करायला तोंड उघडलं.

"मोठ्यानं बोल," मागून डोरिनचा आवाज आला. "इथे मागे ऐकू येत नाही."

सगळ्या माना मागे वळल्या आणि पुन्हा पुढे वळल्या. पाळकबाईंनी तोंड मिटलं. वर्लिनने भांड्यातल्या काळ्या पाण्याकडे बघितलं, घसा खाकरला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, या वेळी शेवटच्या बाकापर्यंत जाईल इतक्या मोठ्याने.